चाकं काढलेलं मशीन

धाराशिवच्या एका दवाखान्यातल्या सोनोग्राफी मशीनची चाकं मी काढायला लावली. मी म्हणजे ढोकीच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई, आणि पोटातलं मूल मुलगा की मुलगी हे कुणी चोरून बघू नये म्हणून तालुक्याला जी समिती असते, तिची त्या वेळची सदस्य. हे आधीच कबूल करून टाकते. पुढं सांगताना मी कुणावर डाफरायला लागले, तर मला या वाक्याची आठवण द्या.

सहा-सात वर्षं झाली असतील. आम्ही अचानक तपासणीला गेलो तेव्हा मशीन ज्या खोलीची नोंदणी आहे तिथं नव्हतं, वर आयसीयूत होतं. दवाखान्याचे मोठे डॉक्टर, बायकांचे डॉक्टर, तेव्हाच सत्तरी ओलांडलेले, सांगायला लागले की अपघातातल्या माणसाचं पोट बघायला नेलंय, दहा मिनिटांत येईल. मी विचारलं, कागदावर खोली कोणती लिहिलीय? खालची, ते म्हणाले. मग मी अर्जांच्या फायली काढायला लावल्या. सोनोग्राफीला येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईचा अर्ज भरायचा असतो. आमच्या समितीनं त्याला आणखी एक पान जोडलं होतं आणि ते पान मीच तयार केलं होतं. मुलगे किती, मुली किती, आधी गर्भपात झाला का, झाला असला तर केव्हा आणि का. त्या शेवटच्या रकान्यात अर्जामागून अर्ज नुसती आडवी रेघ.

मोठे डॉक्टर म्हणाले, "बायका सांगत नाहीत हो बाई."

"तुम्ही नीट विचारत नसाल," मी म्हणाले.

मशीनला सील लागलं. ते निघायला चार महिने गेले, आणि त्या चार महिन्यांत गरोदर बायकांना गाडीभाडं करून लांब जावं लागलं, तेही माझ्या कानावर येत होतं. मी म्हणायची, जाऊ देत, चार दिवस त्रास, पण वळण लागेल. सील निघालं त्या दिवशी डॉक्टरांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. खोलीत गवंडी आणि फिटर आधीच उभे. माझ्यासमोर मशीनच्या गाड्याची चारही चाकं काढली, खाली विटांचा ओटा बांधलेला होता, त्यावर ते धूड ठेवलं आणि बोल्ट सिमेंटात पक्के केले. हात पुसत डॉक्टर म्हणाले, आता समाधान झालं का बाई? मी म्हटलं, झालं. वर शेरेबुकात लिहून आले की या टेबलावर येणाऱ्या कोणत्याही वयाच्या स्त्रीचा अर्ज जोडपानासह पूर्ण भरल्याशिवाय तपासणी करू नये. कोणत्याही वयाच्या! तेव्हा अंगात आलेलं असतं माणसाच्या. त्या म्हाताऱ्यानं माझा तो शेरा मोठा करून, काचेची चौकट करून मशीनच्या वर भिंतीला टांगला. त्यात मान होता की टोमणा, हे मी कधी विचारलं नाही.

चाकांची गोष्ट मी पुढं कितीतरी सभांत सांगितली. टाळ्या पडायच्या. त्या माणसानं खरंच कधी काही वावगं केलं होतं का, हे मला तेव्हाही ठाऊक नव्हतं आणि आजही ठाऊक नाही.

नंतर माझ्या किडन्या गेल्या. साखरेनं वीस वर्षं आतून पोखरलं आणि एक दिवस त्यांनी हात वर केले. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, म्हणजे अंगातलं रक्त मशीनमधून फिरवून धुऊन परत घ्यायचं, चार-चार तास. आणि त्याची सोय आम्हाला जवळ कुठं, तर त्याच दवाखान्यात. समितीतून मी बाहेर पडलेच होते, पण ओळख थोडीच पुसते? मोठे डॉक्टर राऊंडला आले की माझ्या पलंगापाशी थांबून हात जोडायचे, कसं काय बाई, म्हणायचे आणि पुढं जायचे. एकदाही उणा शब्द काढला नाही. मला त्याचाच राग यायचा. एखादं खोचक बोलला असता तर मी चार शब्द ऐकवून मोकळी झाले असते.

रक्त काढायला-घालायला माझ्या डाव्या हातात शिरा जोडून दिल्या होत्या. त्या जोडावर बोटं टेकवली की आत मांजर घुरघुरतंय असं लागायचं. ते घुरघुरणं चालू म्हणजे आपण चालू. रोज उठल्यावर देवाला हात जोडायच्या आधी मी मनगट चाचपून बघायची. या उन्हाळ्यात एका सकाळी बोटं टेकवली तर आत काही नाही. हात नुसता हात होता.

इथं मी जे केलं ते कुठल्याही शहाण्या माणसानं केलं नसतं. मी कुणाला सांगितलं नाही. उद्या डायलिसिसची पाळी आहेच, तेव्हा बघतील, असं म्हणून भाकरी थापायला बसले. खरं कारण वेगळं होतं. हातातली वाट बुजली की मानेत नळी घालतात, आणि ती मला पूर्वी दोनदा घातलेली होती, दोन्हीदा उजवीकडं. पहिल्यांदा दुसऱ्या गावी अंदाजानं सुई मारली, ती शिरेऐवजी शेजारच्या धमनीत गेली आणि मान लिंबाएवढी टरारून फुगली. दोन बायांनी माझे खांदे दाबून धरले होते. चेहऱ्यावर हिरवं कापड, मान वळवलेली, बोलायची सोय नाही, हलायची सोय नाही. ते कापड मी स्वप्नात बघते. म्हणून मी सांगितलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाणी माझ्या छातीत चढलं.

मला एकच मुलगा. तहसील कचेरीत अव्वल कारकून आहे. अक्षर माझ्यावर गेलंय आणि शिस्तही. शेजारणीनं फोन केला तसा तो कचेरीतून निघाला, मित्राची जीप घेऊन आला आणि मला अर्धवट बसवून, अर्धवट उचलून घेऊन निघाला. कारखान्यापासून गावाबाहेरपर्यंत उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता उखणून ठेवलाय, प्रत्येक खड्ड्याला माझा श्वास तुटायचा. तो एका हातानं माझी पाठ चोळत होता आणि दर दोन मिनिटांनी विचारत होता, आई, कधीपासून असं होतंय? मी म्हटलं, आत्ताच. दुसरं खोटं मी तासाभरानं बोलणार होते.

आयसीयूत एक तरुण डॉक्टरीण होती, भूलतज्ज्ञ. महिनाभरापूर्वीच रुजू झालेली, बारीक चणीची, पण आवाज खणखणीत. तिनं हात बघितला, मान बघितली, रक्त बघितलं आणि माझ्या मुलाला बाजूला न नेता माझ्यासमोरच सांगितलं की हातातली वाट बंद झालीय, अंगात पाणी आणि क्षार वाढलेत, आज डायलिसिस झालं नाही तर हृदय थांबेल. त्यासाठी मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालावी लागेल. हे मला आवडलं. आजी म्हणाली, ते आवडलं नाही. मास्क बाजूला करून म्हटलं, मला बाई म्हणा.

"बरं बाई," ती म्हणाली. "पण अंदाजानं सुई मारणार नाही मी. दोनदा नळी बसलेली शीर आहे, आत काय झालंय ते दिसल्याशिवाय हात लावणार नाही. सोनोग्राफीचं मशीन आणा कुणीतरी."

कुणी हललं नाही. सिस्टरनं दुसऱ्या सिस्टरकडं बघितलं, दुसरीनं फरशी पुसणाऱ्या मावशीकडं. मावशी कसबे-तडवळ्याकडची, जुनी, चाकं निघाली तेव्हा तिथंच होती. ती फडकं पिळत म्हणाली की मशीन हलत न्हाय मॅडम, त्याची चाकं काढल्याली हायती. कुणी काढली, असं डॉक्टरणीनं विचारताच मावशी लगबगीनं पलंगाखाली पुसायला शिरली. मी बिनधास्त हात वर केला. शाळेत पोरं करतात तसा.

ती पोर बघतच राहिली. मग तिनं भराभर विचारायला सुरुवात केली. बोल्ट काढता येतील का? सिमेंटात आहेत. दुसरं मशीन? नाही. सोलापूरला नेलं तर? दीड तास, आणि या श्वासावर दीड तास निघणार नाही, हे तिनंच स्वतःला उत्तर दिलं. आणि त्या मशीनला ती स्वतः हातही लावू शकत नव्हती, कारण नोंदणीत तिचं नाव अजून चढलेलं नव्हतं. नावं दोनच, एक सोलापूरहून दिवसाआड येणारे सोनोग्राफीवाले, आणि त्यांचा तो दिवस नव्हता. दुसरं नाव मोठ्या डॉक्टरांचं. मी मनात म्हटलं, घे. बांध आणखी भिंती. दारं-खिडक्या सगळ्या आपल्याच हातानं बुजवल्यास, आता बस आत.

मुलगा वैतागला होता. त्याला समितीचं सगळं माहीत होतं, लहान तोंडी मोठा घास नको म्हणून तो कधी बोलला नाही, पण त्या वेळी बोलला. म्हणाला, आई, तू जरा कमी कडक असतीस तर काय बिघडलं असतं? मला उत्तर द्यायला श्वास नव्हता.

मोठे डॉक्टर आले. आता ऐंशीला टेकलेत, काठी घेतात. त्यांनी माझे पाय दाबून सूज बघितली, मान बघितली, आणि हात जोडले नाहीत. म्हणाले, "मशीन येत नाही बाई. तुम्हालाच जावं लागेल त्याच्याकडं. नळी मॅडम घालतील, मशीन मी धरतो."

तेव्हा माझी वरात निघाली. पलंगच ढकलत नेला, ऑक्सिजनचा सिलिंडर पायाशी आडवा, मुलगा माझ्या पाठीशी उशा धरून वाकलेला. उताराच्या रॅम्पवर तिघांनी पलंग मागं ओढून धरला. मी बसूनच होते, कारण आडवं झालं की पाणी गळ्याशी यायचं. खालच्या बोळात बाकांवर गरोदर बायका बसलेल्या, काही ईटकडच्या, काही तुळजापूरकडच्या, कुणी शेंगा सोलतंय, कुणी नवऱ्याला फोनवर झापतंय. सगळ्यांनी पाय आखडून वाट दिली. भिंतीवर पाटी होती, इथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो दंडनीय अपराध आहे. ती मीच लावून घेतलेली. इतकी वर्षं ती मी उभ्यानं वाचली होती, त्या दिवशी पहिल्यांदा पलंगावरून वाचली.

सोनोग्राफीची खोली म्हणजे काय खोली! खिडकीला आतून काळा रंग, एक दार, एसीची घरघर. पलंग आत घातल्यावर दार लागेना, मग सिलिंडर फिरवून कसंबसं लावलं. सहा माणसं आणि ओट्यावर बसलेलं ते मशीन. वर काचेत माझा शेरा, माझ्या वळणदार अक्षरात.

आणि मशीन चालू करायच्या आधी त्या खोलीची सिस्टर अर्ज घेऊन पुढं आली. ही नळदुर्गकडची पोरगी, फोनवर आईशी कानडीत बोलायची, मला फार मान द्यायची. ती रडवेली झाली होती. म्हणाली, बाई, नियम आहे. डॉक्टरीण तिच्यावर ओरडली की इथं माणूस मरतंय आणि तू कागद काय काढतेस. मोठे डॉक्टर काचेतल्या शेऱ्याकडं बघत होते. मला कळलं की हा कागद मी भरला नाही तर मीच लिहिलेला नियम माझ्यासाठी मोडायचा, आणि भरला तर त्याच्यावरचं सगळं भरायचं. मी खुणेनं म्हटलं, विचार.

नाव, वय, पत्ता. मुलगा सांगत गेला. मुलं किती? एक, मुलगा, असं त्यानंच सांगितलं. मग जोडपान. सिस्टर खाली बघून पुटपुटली, आधी गर्भपात झाला होता का, केव्हा आणि का.

मुलगा माझ्याकडं बघायला लागला. त्याला तो प्रश्न माहीतच नव्हता. त्याची बोटं माझ्या पाठीवर होती.

"निरंक," मी म्हणाले.

त्या अवस्थेतही तो हसला. कचेरीत ‘काही नाही’ला लिहितात तो शब्द आईनं वापरला म्हणून. सिस्टरनं तो रकान्यात लिहिला आणि माझा अंगठा न घेता सही घेतली, वाकडीतिकडी.

आता जे सांगते ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. या मुलाच्या आधी मला दिवस गेले होते. आम्ही दोघं नवरा-बायको शिक्षक, नवे विचार, एकच मूल पुरे असं ठरवलेलं. आणि एकच असेल तर मुलगाच असावा, हेही ठरवलेलं. तुम्ही म्हणाल सासूनं जाच केला असेल. नाही हो. माझी सासू अंगठेबहाद्दर, गुरं राखलेली बाई, ती म्हणायची, पोरगी झाली तर माझं न्हाणं तरी करील. तिला पोरगीच पाहिजे होती. तिला आम्ही चोरून, शाळेची ट्रेनिंग आहे सांगून, एसटीनं मोठ्या शहरात गेलो. तेव्हा कायदा नव्हता. जिना चढून वर एक खोली, पोटावर थंडगार लगदा, पडदा नवऱ्याच्या बाजूला वळवलेला. मला कुणी काही दाखवलं नाही, मीही मान वळवून भिंतीकडं बघत राहिले. नवऱ्यानं बाहेर आल्यावर सांगितलं आणि म्हणाला, तू म्हणशील तसं. आणि मी म्हणाले. माझ्या तोंडानं मीच म्हणाले. नवरा गेला, सासू गेली, गोष्ट माझ्यापाशी राहिली. पुढं मी समितीत शिरले ते का, हे आता कुणाला फोड करून सांगायला नको.

तर मला मागं टेकवलं. पूर्ण आडवं नाही, पण टेकवलं. मान डावीकडं वळवली आणि तोंडावर ते हिरवं कापड आलं. आत माझाच गरम श्वास, औषधाचा वास, आणि नाकाशी ऑक्सिजनची नळी. छातीवर कुणी धान्याचं पोतं ठेवलंय असं झालं. मी हात उचलायला गेले तर कुणीतरी तो धरला. मी भ्याले, फार भ्याले. वाटलं कापड ओरबाडून काढावं आणि ओरडावं, पण ओरडायला लागणारा श्वास कुठून आणू? मग मानेवर तो थंडगार लगदा पडला. इतक्या वर्षांनी तोच. पोटाच्या जागी मान, एवढाच फरक. कापडाखाली माझं तोंड अजूनही भिंतीकडंच होतं.

मशीनचा दांडा मानेवर टेकला. म्हाताऱ्याचा हात कापेल असं मला वाटलं होतं, पण तो जराही कापला नाही. त्यांनी दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मग डॉक्टरीण हळू आवाजात म्हणाली की उजवी शीर दबतच नाही, आत गुठळी धरलीय, अंदाजानं सुई मारली असती तर भलतंच झालं असतं. मला कापडाखाली रडू आलं, आणि रडायलाही श्वास लागतो, म्हणून ते अर्ध्यात गिळलं.

डावी बाजू बघायची ठरली. कापड काढलं, दोन श्वास मिळाले, मान उजवीकडं फिरवली, पुन्हा लगदा, पुन्हा कापड. पण त्या बाजूला मशीन होतं. कापडाची कड वर उचलली गेली आणि मोठ्या डॉक्टरांचा चेहरा दिसला, जवळ, चष्मा घसरलेला. त्यांनी दुसऱ्या हातानं पडदा माझ्याकडं वळवला.

"बघा बाई," ते म्हणाले. "तुमचंच आहे."

काळ्या-राखी धुरळ्यात दोन काळी वर्तुळं होती. एक लहान, ठुकठुक उडणारं. ते म्हणाले, ही धमनी, ही दाबली तरी मिटत नाही. दुसरं मोठं, त्यांनी दांडा दाबला की मिटायचं आणि सोडला की उघडायचं. ही शीर, आणि ही मोकळी आहे. मी बघत राहिले. मिटत होतं, उघडत होतं. माझ्या आतलं मला कुणी कधी दाखवलं नव्हतं, आणि मीही कधी मागितलं नव्हतं. मग पडद्यावर वरून एक पांढरी बारीक रेघ आत आली. डॉक्टरीण म्हणाली, सुई. ती रेघ त्या उघड्या वर्तुळाच्या कडेला टेकली, कड आत दबली, आणि सुई आत गेली. एका झटक्यात. मानेत दुखलं, पण मी तिकडं लक्ष दिलं नाही.

मोठे डॉक्टर दांडा धरूनच होते. सिस्टरनं बाजूला ठेवलेला माझा अर्ज त्यांच्या कोपराशी होता. आज ना उद्या समितीची नवी माणसं येतील, फाईल उघडतील, आणि त्यात माझ्या सहीचं निरंक असेल. त्या चार महिन्यांच्या सीलचं एक कारण काय होतं? रेघ मारलेला हाच रकाना. त्या बायकांच्या अर्जावर निदान नुसती रेघ होती. मी त्यात खोटं भरलं होतं, तेही पाठ थोपटून घेतल्यासारखं, कचेरीतला शब्द वापरून.

नळीला टाके घातले, पलंग पुन्हा त्याच बोळातून, रॅम्पवरून वर. डायलिसिसचं मशीन लागलं आणि तासाभरात माझ्या छातीवरचं पोतं जरा हललं. दोन तासांनी मी बोलू शकत होते. बाहेर ऊन कलतीला लागलेलं, नर्सेसचा चहा आलेला. मुलानं चहाचा वास घेतला आणि मला पाणीसुद्धा मोजून मिळतं, तर माझ्यासमोर घ्यायचा नाही म्हणून कप खाली ठेवला. असा आहे तो.

मी त्याला म्हटलं, खालच्या सिस्टरकडून माझा अर्ज घेऊन ये. तो म्हणाला, आता कशाला? मी म्हटलं, नोंद चुकलीय. त्याला वाटलं, वय किंवा पत्ता चुकला असेल. गेला आणि घेऊन आला, सिस्टरही मागोमाग आली, घाबरलेली, दाराशी थांबली. मी जोडपान काढायला लावलं आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. माझ्या मानेच्या डाव्या बाजूला नळी, उजव्या हातात सलाईन, लिहायला हात मोकळा नव्हता. म्हणून त्यालाच खिशातलं पेन काढायला सांगितलं.

"निरंक नाही," मी म्हणाले. "एक. मुलगी होती. तपासून बघितली आणि होऊ दिली नाही. कुणाची बळजबरी नव्हती. मी हो म्हणाले होते."

मशीनचा पंप फिरत होता. त्यानं पेनचं टोपण काढलं होतं, ते तसंच हातात राहिलं. मला वाटलं, आता उठून जाईल, आणि गेला तर मी थांब म्हणणार नाही. तो उठला नाही.

"माझ्या आधी का नंतर?" त्यानं विचारलं.

"आधी," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. मग गुडघ्यावर कागद नीट ठेवला, निरंक या शब्दावर एक सरळ रेघ ओढली, शेजारी एक असं अक्षरात लिहिलं, आणि कचेरीत खाडाखोडीला करतात तशी तिच्याखाली स्वतःची लहान सही केली.